फ्लॉपीत मावलेलं उंब्रज

वसंता,

परवा ग्रामपंचायतीच्या हॉलमध्ये तुझी शोकसभा झाली. तुझा फोटो एका खुर्चीत ठेवला होता आणि खुर्ची डुगडुगत होती, म्हणून कुणीतरी तिच्या पायाखाली कागदाची घडी सरकवली होती. माजी सरपंच उठले, माईकवर दोनदा फुंकले आणि म्हणाले की हवालदारसाहेबांनी उंब्रजला संगणकयुगात नेलं. मला हसू आवरेना. खोकल्याचं निमित्त करून मी तोंडाला रुमाल लावला. संगणकयुगात म्हणे. अरे, तू उंब्रजला स्टार्ट मेनूपर्यंत नेलंस, त्याच्यापुढं एक पाऊल नाही, आणि परत येताना जे हातात होतं तेही सांडून आलास.

दुसरे एक गृहस्थ म्हणाले की शेवटच्या काही महिन्यांत तू वही घेऊन घरोघर फिरत होतास, म्हाताऱ्या बायकांशी बोलत बसायचास, बहुधा मतदार यादीच्या दुरुस्तीसाठी, केवढी ही समाजसेवा. मी मनात म्हटलं, हातातलं काम बुडवलं की माणूस गावाची कामं शोधत हिंडतो. मग मला बोलायला सांगितलं, बालमित्र म्हणून. मी नुसती मान हलवली. मला जे बोलायचं होतं ते चारचौघांत बोलण्यासारखं नव्हतं.

म्हणून इथं लिहितो. तू वाचणार नाहीस हे ठाऊक आहे, पण जिवंतपणी तरी कुठं वाचत होतास? कागद हातात दिला की मजकूर सोडून समासाबद्दल बोलायचास.

आपण एका वर्गातले. तू पाटील आळीतला, बाकावर बसणारा. मी गावाच्या खालच्या अंगाच्या वस्तीतला, दाराजवळ तरटावर बसणारा. तुला गणित येत नव्हतं आणि मला येत होतं, एवढ्यावर आपली दोस्ती जमली. पुढं तू सैन्यात कारकून झालास आणि हवालदार होऊन परत आलास. मी मास्तर होऊन आष्ट्याच्या शाळेत गेलो तो तिथंच राहिलो. माझ्या आईनं मात्र उंब्रज सोडलं नाही. शनिवारची सकाळची शाळा सुटली की मी एसटीनं तिच्याकडं यायचो, आणि तिच्याकडं यायचं म्हणजे तुझ्या ओट्यावर चहा व्हायचाच.

त्या ओट्यालगतच्या खोलीत तू कॉम्प्युटर आणलास. त्याला मखमली झूल, माऊसला वेगळी पिशवी, खोलीबाहेर चपला काढायच्या. पहिले दोन महिने तू त्यावर एकही काम केलं नाहीस. पडद्याच्या खालच्या डाव्या कोपऱ्यात स्टार्टचं बटण असतं, ते दाबलं की यादी वर उघडते. सरळ माणूस त्यातून हवं ते उघडतो आणि कामाला लागतो. तू ती यादीच लावत बसलास. पलटणीत किट लावायची सवय ती. पत्त्यांचे खेळ काढून टाकलेस, कारण शिस्त बिघडते. चित्रं काढायचा प्रोग्राम, कॅल्क्युलेटर वगैरे सगळं एका कप्प्यात कोंबलंस आणि त्याला इंग्रजी अक्षरांत नाव दिलंस, 'किरकोळ'. मराठी टायपिंगचं झालं 'लेखन'. यादी आपोआप अक्षरांच्या क्रमानं लागते हे तुला खपेना, म्हणून प्रत्येक नावाआधी आकडा घातलास. आकडे घातल्यावर म्हणे चित्रं बदलायची. एक चित्र पसंत करायला तुला तीन दिवस लागले. मी विचारलं, यात लिहिणार काय आहेस? तू म्हणालास, "आदी घर लावू दे, मग पावणं."

पाहुणी म्हणून माझी आई आली, हे तुझं भाग्य आणि तिचं दुर्दैव.

आई सुईण होती. रखमा सुईण म्हटलं की उंब्रजमधली आपल्या वयाची निम्मी माणसं तिच्या हातची. तुझा बाप तिला ए रखमे म्हणायचा, तू आवं मावशी म्हणायचास, एवढी प्रगती एका पिढीत झाली हे मी मान्य करतो. छप्पन्न साली आम्ही बौद्ध झालो तेव्हापासून तिनं उरलंसुरलं अन्न घेणं बंद केलं. पण दारात कुणी कळवळून बोलवायला आलं तर उठायची, कारण पोटातल्या पोराचा काय दोष, असं तिचं म्हणणं. लिहितावाचता येत नव्हतं. पण कुणाचं पोर कुठल्या सुगीत झालं, आडवं आलं की सरळ, बाहेर कोण उभं होतं, तिला हात धुवायला पाणी कसं दिलं आणि भाकरी कुठं बसवून दिली, हे सगळं तिच्या डोक्यात पाठ होतं. जन्माचा दाखला काढायला निघालेले लोक आधी तिलाच विचारायला यायचे.

हे लिहून ठेवायला पाहिजे असं तू म्हणालास. मी नाही, तू. हे कबूल करताना आजही माझी जीभ जड होते. मी मास्तर, माझं अक्षर वळणदार, आणि पन्नाशी उलटून गेली तरी मला ते सुचलं नव्हतं.

त्या उन्हाळ्यापासून आई रोज दुपारी तुझ्या खोलीत येऊन बसायला लागली. तू दोन बोटांनी टाईप करायचास. ती बोलायची तसंच लिहायचं, एक शब्द बदलायचा नाही, अशी तिची अट. प्रत्येक आळीची एक फाईल. आणि तू काय केलंस, तर त्या फायली स्टार्ट मेनूत नेऊन बसवल्यास, म्हणजे बटण दाबलं की आख्खं गाव समोर. वरती एक पाटील आळी, दोन पेठ, मग माळ आळी, सुतार आळी, असं करत करत सगळ्यात शेवटी, सातवी, बुद्धवस्ती.

एका शनिवारी मी ते पाहिलं आणि माझं डोकं फिरलं. म्हटलं, वसंता, लग्नपत्रिकेत मानपान, पंगतीत मानपान, आता या यंत्रातही का? जिनं गाव जन्माला घातलं तिची वस्ती तळाला? तू शांतपणे माऊस फिरवत म्हणालास, "तळाला न्हाई रं गड्या. बटन खाली हाय. मेनू खालनं वर चढतोय. शेवटचं त्ये हाताला पयलं लागतंय. पाटील आळीला जायाला मला समदं गाव चढायला लागतंय." मी म्हटलं, हे उत्तर तू पलटणीत पाठ केलंयस की आत्ता सुचलं? आई कोपऱ्यात पान लावत होती. तिनं विचारलं काय झालं. मी सांगितलं. ती म्हणाली, "जिची नाळ मी कापली ती कुठल्या का वळीत बसंना. तू आपलं लिवून घे बाबा." तिनं तुझी बाजू घेतली याचा मला आणखी राग आला.

वाद तिथं मिटला नाही. तू माझी समजूत घालायला आमच्या वस्तीच्या नावापुढं झाडाचं चित्र लावलंस. बाकी सगळ्यांना साधा कागद, आम्हाला झाड. तुला धम्मचक्र हवं होतं, पण त्या यंत्रात फक्त दात असलेलं चाक सापडलं. म्हणालास, पिंपळ समज. मी म्हटलं, पिंपळ राहू दे, कागदावर छापून दे. दर शनिवारी मी हेच म्हणत होतो. छाप. प्रिंटर होता, रिबन होती, कागदाचा गठ्ठा कोपऱ्यात पडून होता. तुझं उत्तर ठरलेलं. पुरं झाल्यावर एकदमच, अजून पानाची चौकट ठरायचीय. चौकट! तुला वेलबुट्टीची चौकट हवी होती.

थंडीत आई गेली. तिच्या शेवटच्या दिवसांतही ती मला म्हणाली की सुतार आळीतलं एक राहिलंय, वसंताला सांग. मी सांगितलं. तू डोळे पुसलेस आणि मेनूत सुतार आळीचा आकडा बदललास.

आणि मग चैत्रात तुझं यंत्र बसलं. व्हायरस शिरला होता. कराडहून दुरुस्तीवाला आला, त्यानं सांगितलं की सगळं पुसून नव्यानं बसवावं लागेल, जे महत्त्वाचं आहे ते आधी फ्लॉपीवर काढून घ्या. तू घेतलंस काढून. स्टार्ट मेनूचा आख्खा कप्पा उचललास आणि फ्लॉपीवर टाकलास. मला फोन करून सांगितलंस, आष्ट्याच्या शाळेत, हेडमास्तरांच्या टेबलावरच्या फोनवर. आवाजात काय आनंद होता. म्हणालास, "किसना, समदं उंब्रज एका फ्लॉपीत मावलं. वर जागा हाय अजून." मला यातलं काही कळत नव्हतं, तरीसुद्धा मनात आलं की एवढ्या बायकांच्या कळा एका चपट्या डबीत कशा मावल्या? पण म्हटलं, सैन्यातला माणूस, त्याला कळत असेल.

तुला काही कळत नव्हतं. मेनूत असतात ती नुसती नावं. नाव दाबलं की यंत्र दुसरीकडं ठेवलेली खरी फाईल काढून आणतं. तू दारावरच्या पाट्या काढून पिशवीत भरल्यास आणि घरं पाडायला परवानगी दिलीस. वर्षभर तू त्या पाट्या रंगवत होतास, त्यांना आकडे देत होतास, चित्रं चिकटवत होतास, आणि पाटी म्हणजे घर नव्हे एवढी गोष्ट तुझ्या टाळक्यात शिरली नव्हती.

आईचं बंद घर झाडायला मी पुढच्या शनिवारी आलो तेव्हा तू फ्लॉपी घालून मला दाखवत होतास. सातही नावं जशीच्या तशी, झाडासकट. तू बुद्धवस्तीवर दाबलंस. पडद्यावर एक छोटी बॅटरी आली आणि इकडून तिकडं उजेड मारत शोधायला लागली. आपण दोघं बघत होतो. बराच वेळ शोधून यंत्रानं सांगितलं की हवी ती फाईल नाही, पण तिच्या जवळची म्हणून ही एक आहे. ती होती तुझ्या पेन्शनच्या अर्जाची फाईल, नवीन टाईप केलेली. माझ्या आईच्या जवळची गोष्ट म्हणून तुझी पेन्शन.

तू पांढराफटक पडलास. मला दया यायला हवी होती, आली नाही. मी जे बोललो ते मला शब्दन्‌शब्द आठवतंय. "तुज्या बापानं माज्या आईला उंबऱ्याभाईर उभी केली. तू तिला पुसून टाकलीस. त्यो तरी बरा म्हणायचा." मालनवहिनी चहा घेऊन दारात आल्या होत्या, त्या तशाच मागं फिरल्या. तू एवढंच म्हणालास की नावं तरी राहिलीत की रं. मी म्हटलं, नावं काय चाटू? आणि चपला घातल्या.

त्यानंतर मी तुझ्या ओट्यावर पाय ठेवला नाही. वस्तीत सगळ्यांना कारण सांगितलं, तिखटमीठ लावून सांगितलं. मास्तर रागावला म्हणजे वस्ती रागावली. एसटीतून उतरल्यावर तुझं घर टाळायला मी मागच्या बाजूनं जायचो, नांगरटीतनं, आणि त्या प्रत्येक ढेकळागणिक तुला शिव्या घालायचो.

एकदा तू आष्ट्याला शाळेत आलास. दिवाळीच्या सुट्टीआधीची गोष्ट. खिडकीतून मला फाटकाशी तू दिसलास, हातात प्लॅस्टिकची पिशवी. मला वाटलं, माफी मागायला आलाय. माफी मागून मोकळा होणार, घरी जाऊन सुखानं झोपणार. तुला ते सुख द्यायची माझी इच्छा नव्हती. मी शिपायाला सांगितलं, मास्तर रजेवर आहेत म्हणून सांग. तू लिंबाखाली तासभर बसलास आणि मग इस्लामपूरच्या गाडीनं गेलास. त्या तासाला मी मुलांना भागाकार शिकवला. चांगला शिकवला.

शोकसभा संपल्यावर वहिनींनी मला थांबवलं. म्हणाल्या, भाऊजी, घरी या, त्येंनी तुमच्यासाठी ठेवलंय काय तरी. मला वाटलं ती फ्लॉपी देतील. म्हटलं, देऊ दे, नदीत टाकेन. गेलो. त्यांनी झूल काढली, बटण दाबलं आणि बाजूला उभ्या राहिल्या. मला नीटसं येत नाही, पण तुझ्या कृपेनं स्टार्ट तेवढं येतं.

मेनू उघडला. सात नावं. क्रम उलटा केला होतास. एक बुद्धवस्ती, झाडासकट, सगळ्यात वर. सात पाटील आळी, तळाला. मला संताप आला. फायली गेल्या, आई गेली, आणि हा माणूस मोकळ्या पाट्यांचा मानपान बदलत बसला. जाता जाता हेच केलंस ना, वसंता? ती बॅटरी पुन्हा एकदा बघावी आणि तुला शेवटची शिवी द्यावी म्हणून मी पाटील आळीवर दाबलं.

बॅटरी आली नाही. फाईल उघडली.

भोवती वेलबुट्टीची चौकट होतीच. आत पहिलं नाव तुझं. वसंत. दुपार भरली होती. पायाळू. "त्याच्या आज्जीनं मला मागच्या दारानं घेतली. पोराचं पाय आदी आलं, समद्यांनी हाय खाल्ली. त्याला पयला हात माजा लागला. मग मला गोठ्यात बसवून भाकरी वरनं टाकली. पोराचं रडणं भाईर ऐकू येत हुतं, म्हणून ती ग्वाड लागली." खाली कंसात, तुझ्या कारकुनी भाषेत: 'वरील मजकूर स्मरणावरून. मावशींनी असेच सांगितले होते.' पायाळू शब्दात दोन चुका होत्या. आणि तुझ्या घराची लाज तू एका अक्षरानं झाकली नव्हतीस.

पेठेत चार नावं. माळ आळीत पाच. प्रत्येकापुढं कुणाला विचारलं त्या म्हातारीचं नाव. मी वहिनींकडं पाहिलं. त्या म्हणाल्या, "वही घेऊन हिंडत हुते न्हवं का. लोक म्हणायचे मतदानाचं हाय. मतदानाचं कशाचं. तुमच्या आईंनी कुणाची सुटका कशी केली त्ये इचारत हुते." सगळ्या आळ्या मिळून एकोणीस माणसं झाली होती. आईनं सांगितलेली शेकड्यांनी होती. एकोणीस म्हणजे काहीच नव्हे, वसंता. एकोणीसच जमली आणि त्यासाठी तू दारोदार फिरलास. मी मतदार यादीवर हसलो होतो. मी तिथं उभ्या उभ्या रडलो, आणि वहिनींनी मला बसायला तुझीच खुर्ची दिली.

मग मी सगळ्यात वरचं नाव उघडलं. शीर्षक आमच्या वस्तीचं, खाली आकडे एकापासून चाळीसपर्यंत, आणि पुढं मोकळं. वहिनी म्हणाल्या, "तुमच्या वस्तीत गेले हुते. बायका बोलल्या न्हाईत त्येंच्याशी. मास्तरचं नि तुमचं भांडाण हाय, असं त्येंलाच म्हणाल्या." फक्त पहिल्या आकड्यापुढं तू लिहिलं होतंस. 'किसन. सुगीचे दिवस. घरात दुसरे कोणी नव्हते. पुढचे आठवत नाही. मास्तरला विचारणे.'

"त्येच इचाराया आष्ट्याला गेले हुते," वहिनी म्हणाल्या. "तुमी रजेवर हुता म्हणं."

मी वर्गातच होतो, वसंता. आणि भेटलो असतो तरी तुझ्या वहीत घालायला माझ्याकडं काही नव्हतं. मी कसा जन्मलो ते आईनं तुला सांगितलं होतं. मी तिला कधी विचारलंच नाही.